बाप उडुपीत, लेक चेल्टनहॅममध्ये

अनंतशास्त्री डोंगरे मूळचे मंगळूरकडचे. विद्यार्थी असताना ते पुण्याला आले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकू लागले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात जाऊन पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवत. गुरूंमागे वाड्यात जाता-येता या शिष्याच्या कानांवर एका बाईच्या तोंडचं संस्कृत पडलं आणि तो थक्क झाला. बाईमाणसानं देववाणी शिकावी हा विचारच तेव्हा फारसा कुणाच्या मनाला शिवत नसे. तरण्या शास्त्र्यानं मनाशी ठरवून टाकलं, आपणही आपल्या बायकोला शिकवायचं.

घरी ते जमलं नाही. वडीलधाऱ्यांनी पहिल्या पत्नीला शिकूच दिलं नाही. ती वारल्यावर पुढे तीर्थयात्रेत गोदावरीकाठी त्यांचं दुसरं लग्न झालं. नवरी नऊ वर्षांची. तिचं नाव लक्ष्मीबाई. तिला त्यांनी संस्कृत शिकवायला घेतलं आणि बोभाटा झाला. शास्त्रीबुवा धर्म बुडवताहेत अशी तक्रार थेट उडुपीपर्यंत, माध्व संप्रदायाच्या मुख्य पीठापर्यंत गेली. धर्मसभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. बहिष्कार समोर दिसत होता. शास्त्रीबुवांनी माफी मागितली नाही की आवाजही चढवला नाही. त्यांनी ग्रंथांचाच आधार घेतला. स्त्रीला संस्कृत शिकवणं शास्त्राला मंजूर आहे, हे त्यांनी वचनामागून वचन देत दाखवून दिलं. सभेला ते पटलं.

सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम थाटला होता. तिथे १८५८ साली त्यांना मुलगी झाली. तिचं नाव रमा. शास्त्रीबुवांचं वय झालेलं, म्हणून रमेला शिकवलं आईनं. जिला शिकवलं म्हणून सभा भरली होती, तीच आता लेकीला पहाटे उठवून भागवताचे श्लोक पाठ करून घेत होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शास्त्रीबुवांनी बायकोला आणि लेकीला पुराणं दिली, काव्य दिलं, व्याकरण दिलं. वेद मात्र दिले नाहीत. वेदांचा अधिकार बाईला नाही, असं तेही मानत आले होते. सभेपुढे ताठ उभा राहिलेला हा माणूस एक दार उघडून पुढच्या दाराशी थांबला.

दुष्काळात आई-वडील गेले, थोरली बहीण गेली. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास अनवाणी देशभर फिरले, देवळांत पुराण सांगत, कधी उपाशीपोटी. १८७८ साली ही भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या त्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पदवी देणारे सगळे पुरुष, ऐकायला बसलेलेही बहुतेक पुरुष. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. कलकत्त्यातच ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी या पंडिता रमाबाईंना वेद वाचलेत का म्हणून विचारलं. बाईला वेदांचा अधिकार नाही, असं रमाबाई म्हणाल्या. केशवचंद्रांनी वेदाची प्रत त्यांच्या हाती ठेवली. घरी येऊन रमाबाईंनी ती उघडली. बापानं बंद ठेवलेलं दार लेकीनं असं उघडलं.

१८८० साली बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये नवरा वारला. तान्हं मूल घेऊन त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणासाठी आणि स्त्री डॉक्टरांसाठी साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावच्या सिस्टरांच्या मठात त्यांची सोय झाली. हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवायचं आणि स्वतः इंग्रजी शिकायचं, असं ठरलं होतं.

त्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांनी रमाबाईंना लेक मानलं. लंडनमध्ये फुलहॅमला या सिस्टरांचं एक आश्रयस्थान होतं. समाजानं ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. रमाबाईंना तिथे नेण्यात आलं. बायकांना कुणी हिणवत नव्हतं, कुणी प्रायश्चित्ताच्या याद्या वाचत नव्हतं. स्त्रिया स्त्रियांना उचलून उभं करत होत्या. ही माया कुठून येते, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला, शोमरोनी स्त्रीचा.

ती कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर एक बाई पाण्याला येते. जातीनं यहुद्यांना न चालणारी, आणि पाच नवरे होऊन गेलेली. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिच्याशी देवाविषयी, उपासनेविषयी बोलतो. तिच्या शंकांना उत्तरं देतो आणि आपण कोण आहोत हे तिला उघड सांगतो. शिष्य परत येतात, ते चकित होतात. बाई घागर तिथेच टाकून गावात जाते आणि गावकऱ्यांना सांगते. तिच्या शब्दावर गाव विहिरीपाशी येतं. त्या गावाला ख्रिस्ताची पहिली बातमी एका बाईच्या तोंडून मिळाली. तिला आधी परवानगीचा कागद आण, असं कुणी म्हणालं नव्हतं.

फुलहॅम आणि ही कथा रमाबाईंच्या मनात खोल उतरली. नेहेम्या गोरे या मराठी पाळकांच्या लेखनानंही त्यांच्या शंकांना वाट मिळाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्या-मुंबईत वर्तमानपत्रं खवळली. पण रमाबाईंपुढे खरी परीक्षा उभी राहिली ती नव्या घरात.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. प्राचार्या होत्या डोरोथिया बील, इंग्लंडमध्ये मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या बाई. रमाबाई तिथे शिकत आणि संस्कृतही शिकवत. १८८५ मध्ये एक प्रस्ताव आला, हिंदुस्थानात जाऊ पाहणाऱ्या तरुणांनाही त्यांनी शिकवावं. बीलबाईंना त्यात काही अडचण दिसली नाही. जेराल्डीनबाईंना मात्र ते खटकलं. त्यांनी वरिष्ठांचा सल्ला घेतला. प्रश्न चेल्टनहॅमहून निघाला आणि बिशपांपर्यंत गेला. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. तरुण पुरुषांना या बाईनं शिकवलं हे हिंदुस्थानात कळलं, तर तिथे तिचं वजन कायमचं जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

ज्या देशाच्या लोकमताची भीती बिशप घालत होते, त्याच देशात या बाईनं पंडितांच्या भरल्या सभेत बोलून पदव्या मिळवल्या होत्या. लोकमताचं नाव पुढे होतं, पण नव्यानं मंडळीत आलेल्या या बाईनं काय शिकवावं, कुणाला शिकवावं, हे कुणी ठरवायचं, हा प्रश्न त्याच्या मागे होता.

रमाबाईंनी जेराल्डीनबाईंना पत्रं लिहिली. मे १८८५ मधल्या पत्रात त्यांनी आश्चर्य व्यक्त केलं की, माझ्या आईनं आणि मी तरुणांना शिकवण्याला ना माझ्या वडिलांनी हरकत घेतली, ना माझ्या नवऱ्यानं, आणि इथे काही इंग्रज माणसं ती घेत आहेत. देवानं आपल्याला सदसद्विवेक दिला आहे आणि तो आपण दुसऱ्याच्या हवाली करणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं. पुरोहितांच्या एका जोखडातून मोठ्या कष्टानं सुटका करून घेतली ती दुसरं जोखड मानेवर घ्यायला नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव होता. हा सगळा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ मध्ये ग्रंथरूपानं प्रसिद्ध केला. कान अधू झालेली, परक्या देशात परक्यांच्या मदतीवर राहणारी, पदरात चार वर्षांची मुलगी असलेली ही सत्तावीस वर्षांची विधवा, आपल्याला आसरा देणाऱ्यांनाच नम्रपणे सांगत होती की माझं मन मी गहाण ठेवलेलं नाही.

जेराल्डीनबाई दुष्ट नव्हत्या. त्यांनीच रमाबाईंना मायेनं जवळ केलं, मनोरमेचा सांभाळ केला. बिशपही मंडळीसाठी झिजणारी विद्वान माणसं होती. अडवणारा माणूस नेहमी द्वेषानंच अडवतो असं नाही. पुष्कळदा तो काळजीनं अडवतो, आणि त्याची काळजी त्याला धर्मासारखी वाटू लागते. जेराल्डीनबाईंनी फुलहॅमचं दार रमाबाईंसाठी उघडलं आणि वर्गाच्या दारात त्या आडव्या उभ्या राहिल्या. गंगामूळच्या शास्त्रीबुवांना वेदांपाशी जे झालं, तेच वाँटेजच्या सिस्टरांना इथे झालं.

उडुपीच्या सभेत बापानं ग्रंथ उघडले होते. लेकीनंही पुढे तोच मार्ग धरला आणि तो बापापेक्षा फार लांबवर नेला.

अमेरिकेत जाऊन रमाबाईंनी विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली, १८८७ मध्ये तिथे हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलं आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. महर्षी कर्व्यांशी विवाह होऊन पुढे त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी उपाशी मुली-बायका गोळा करून पुणे जिल्ह्यात केडगावला आणल्या आणि तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. शेती बायकांची, विणकाम बायकांचं, तेलाचा घाणा बायकांचा, शाळा बायकांची, छापखाना बायकांचा. दुष्काळात हाडांचा सापळा होऊन आलेल्या मुली खिळे जुळवू लागल्या, मास्तरणी झाल्या, बायबल बाया होऊन खेडोपाडी शुभवर्तमान सांगू लागल्या. प्रार्थना त्याच चालवत, आजाऱ्याच्या उशाशी त्याच बसत. बाप्तिस्मा द्यायला मात्र बाहेरून पुरुष पाळक बोलवावा लागे. शेकडो जीव जगवणाऱ्या रमाबाईंना तो अधिकार मंडळीनं कधीच दिला नाही.

या सगळ्या धबडग्यात रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषा धरल्या. आपल्या साध्याभोळ्या, गावाकडच्या बायकांना समजेल असं बायबल मराठीत आणायचं, तेही मूळ भाषांवरून, असा त्यांनी ध्यास घेतला. वर्षानुवर्षं त्या एकेक ओळ लावत राहिल्या आणि मुक्तीच्या छापखान्यात बायकाच ती जुळवत राहिल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. लेकीच्या मरणानंतरही त्यांनी ते काम खाली ठेवलं नाही. अनुवाद हातावेगळा झाला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. शास्त्र काय सांगतं हे दुसऱ्यानं सांगावं आणि बाईनं ऐकावं, ही रीत त्यांनी आपल्या बाजूनं संपवली.

बायकांनी मंडळीत बोलावं-शिकवावं का, हा विषय आजही निघाला की कुणीतरी बायबल उघडून पौलाचं वचन काढतो. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला चौदावा अध्याय, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं सांगणारा. वचन तिथे आहे, ते पुसून टाकता येत नाही. पण रमाबाईंसारखं सगळं वाचलं की त्याच पत्राचा अकरावा अध्यायही दिसतो. तिथे पौल स्त्रियांनी प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं असं सांगतो. बायकांनी तोंडच उघडायचं नसतं, तर डोकं झाकून काय बोलायचं होतं? रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रियेच्या मंडळीची सेविका फीबी आहे, आणि पौल तिचा सन्मान करा म्हणून बजावतो. प्रेषितांच्या कृत्यांत प्रिस्किल्ला आपल्या नवऱ्याबरोबर अपुल्लोसाला घरी नेऊन शिकवते. अपुल्लोस पुरुष होता, शास्त्रात प्रवीण होता, तरी तो शिकला. आणि पुनरुत्थानाच्या पहाटे येशूनं मग्दालीया मरीयेलाच शिष्यांकडे निरोप घेऊन पाठवलं. पुरुष शिष्य त्या वेळी तिथे नव्हते. ज्या बातमीवर सारी मंडळी उभी आहे, ती बातमी पहिल्यांदा एका बाईच्या स्वाधीन केली गेली. हा निर्णय कुठल्या समितीचा नव्हता, प्रभूचा होता.

मंडळीला हे उमजायला वेळ लागला. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना पहिल्यांदा प्रीस्टची दीक्षा मिळाली ती १९९४ मध्ये, ब्रिस्टलच्या कॅथेड्रलमध्ये. चेल्टनहॅम ज्या धर्मप्रांतात येतं तो ग्लॉस्टरचा. तिथे २०१५ मध्ये रेचल ट्रीवीक बिशप झाल्या. इंग्लंडमध्ये एखाद्या धर्मप्रांताची धुरा बिशप म्हणून सांभाळणारी ही पहिली स्त्री. एका बाईनं तरुणांना संस्कृत शिकवावं की नाही यावर ज्या गावात वाद झाला, ते गाव एकशे तीस वर्षांनी एका बाईच्या धर्माधिकाराखाली आलं. त्याच चर्चच्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस पंडिता रमाबाईंच्या स्मरणाचा आहे. ज्यांना अडवलं, त्यांच्याबद्दल त्याच मंडळीत आता देवाचे आभार मानले जातात.

आपल्याकडेही पावलं पडली आहेत. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रिया दीक्षा घेऊन पाळक होतात. चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांनी नंद्यालच्या बिशपपदाची सूत्रं घेतली. कॅथलिक मंडळीत पुरोहितपद आजही पुरुषांकडेच आहे, तरी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी उपासनेतील वाचक आणि वेदीसेवक ही पदं नियमानं स्त्रियांना खुली केली.

पण नियम बदलला म्हणून माणसं बदलतात असं नाही. अहिल्यानगरपासून जालन्यापर्यंत कुठल्याही मराठी मंडळीत रविवारी डोळे उघडे ठेवून बसा. शब्बाथशाळेत मुलांना वचनं शिकवणारी बाई, गायन उचलून धरणाऱ्या बायका, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जाणारी महिला संगती, हंगामाच्या सणाला घरचं धान्य आणणारी, मयताच्या घरी रात्र जागवणारी बाई. मंडळीचं अर्धंअधिक काम त्यांच्या अंगावर. मग कमिटीची बैठक भरते, तिथे किती बाया असतात? पैशाचा हिशेब, पाळकाची नेमणूक, व्यासपीठावर कोण उभं राहणार, या गोष्टी ठरतात तेव्हा त्या कुठे असतात? बहुतेक ठिकाणी चहा करत असतात. हे कुणी मुद्दाम करतो असंही नाही. आजवर असंच चाललं, म्हणून चाललं आहे.

रमाबाईंच्या गोष्टीतून मला दोन बोध दिसतात आणि दोन्ही मी मनापासून सांगतो.

पहिला बोध बायकांसाठी. ताई, माई, आत्याबाई, शास्त्राचा धाक कुणी घातला, तर रडू नका आणि निमूट मागेही फिरू नका. शास्त्र हातात घ्या आणि वाचा, अख्खं वाचा. दिलेल्या एका वचनावर थांबू नका. न वाचणाऱ्याला कुणीही गप्प बसवू शकतं. रमाबाईंनी वयाच्या उताराला दोन नव्या भाषा शिकून हे केलं. आपल्याला तर त्यांनी ते मराठीत आणून दिलं आहे.

दुसरा बोध तुम्हा-आम्हा पुरुषांसाठी, वडिलांसाठी, पाळकांसाठी, आणि ज्यांच्या हाती थोडीबहुत सत्ता आहे त्या बायकांसाठीही. आपण एक दार उघडलं म्हणून आपण उदार ठरत नाही. लेकीला शिकवलं, सुनेला नोकरी करू दिली, मंडळीत गाऊ दिलं, हे सगळं चांगलंच. पण त्याच वेळी कुठल्या दारात आपण आडवे उभे आहोत, हे स्वतःला विचारलं पाहिजे. चांगल्या माणसाला स्वतःचं अडवणं दिसत नाही, कारण त्याला ते राखण वाटतं. देवानं एखाद्या बाईला शिकवण्याचं, सांभाळण्याचं, मंडळीला वाट दाखवण्याचं दान दिलं असेल, तर ते वापरण्याचा अधिकारही त्या दानाबरोबरच आलेला असतो. तो अधिकार आपण देत नाही आणि आपण काढूनही घेऊ शकत नाही. आपल्या हाती एवढंच आहे की वाटेतून बाजूला व्हावं आणि पुढच्या बैठकीत त्या बाईसाठी खुर्ची मांडावी.